विश्लेषण : आवडता ब्लॉग नजरेआड होऊ नये म्हणून…

समाजमाध्यमांवर कोणाला काय दिसावे, हे त्या कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. वर्षातून चारच नोंदी, पण मन लावून लिहिणारा ब्लॉगलेखक त्या गर्दीत हरवतो. त्याची नवी नोंद वाचकापर्यंत पोहोचवणारी ‘फीड’ ही जुनी सोय आजही सुरू आहे, तीही फुकट.

ब्लॉग म्हणजे नेमके काय?

‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये रूढ केला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने तो ‘वी ब्लॉग’ असा फोडला आणि ‘ब्लॉग’ तेवढा उरला. मराठीत त्याला ‘अनुदिनी’ म्हणतात. प्रत्यक्षात रोज लिहिणारे विरळाच. नवी नोंद सर्वांत वर, जुन्या खाली, प्रत्येकीला तारीख आणि स्वतंत्र दुवा, ही ब्लॉगची खूण.

फीड कसे चालते?

ब्लॉगच्या दिसणाऱ्या पानांमागे आणखी एक साधी फाइल असते. ताज्या नोंदींची शीर्षके, तारखा, दुवे आणि मजकूर तीत ठरावीक पद्धतीने मांडलेला असतो. हेच फीड. नवी नोंद प्रसिद्ध झाली की फाइल आपोआप बदलते. ‘फीड रीडर’ हे अ‍ॅप वाचकाने निवडलेल्या अशा सर्व फाइल्स अधूनमधून तपासते आणि नवे ते एका जागी आणून ठेवते. त्यामुळे वीस ब्लॉग रोज उघडून पाहण्याचा खटाटोप वाचतो. ‘सबस्क्राइब’ म्हटले की वर्गणी आठवते. पण येथे ब्लॉगलेखकाला पैसे सोडाच, ईमेलही द्यावा लागत नाही.

फीडचे दोन प्रकार प्रचलित आहेत : नेटस्केपने १९९९ मध्ये आणलेले आरएसएस आणि २००५ मध्ये प्रमाणित झालेले अ‍ॅटम. वाचकाने या फरकात पडू नये, बहुतेक रीडरना दोन्ही कळतात. पॉडकास्टचे नवे भाग अ‍ॅपमध्ये येतात तेही आरएसएसमुळेच.

सुरुवात कशी करावी?

फीडली, इनोरीडर यांसारखे रीडर घ्यावे आणि शोधचौकटीत ब्लॉगचा पत्ता चिकटवावा. फीड बहुधा आपोआप सापडते. न सापडल्यास वर्डप्रेसवरील ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन लिपीत जोडून पाहावा. ब्लॉगवर नारिंगी चौकोनात दोन कमानी आणि ठिपका असे चिन्ह दिसले, तर तो फीडचाच दुवा. काही ब्लॉग फीडमध्ये पहिला परिच्छेदच देतात. पुढचे वाचायला मूळ पानावर जावे लागते. सुरुवातीला पाच-सहा ब्लॉग पुरेत. एकदम पन्नास जोडले, की न वाचलेल्यांचा आकडा पाहूनच दडपण येते.

रीडरच बंद पडले तर?

ही भीती अनाठायी नाही. २००५ मध्ये आलेले, अनेकांच्या सवयीचे झालेले ‘गूगल रीडर’ कंपनीने १ जुलै २०१३ रोजी बंद केले. आरएसएस संपले, अशी हाकाटी तेव्हा झाली. पण फीड गूगलकडे नव्हतेच, ते ज्याच्या त्याच्या ब्लॉगवर होते. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये नेली आणि वाचन सुरू राहिले. बहुतेक रीडरमध्ये ‘ओपीएमएल’ नावाने ही यादी फाइलरूपात मिळते. ती सहा महिन्यांतून एकदा उतरवून ठेवायला मिनिटभरही लागत नाही.