हंगामाबाहेरचा हंगाम: अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉलचे चाहते आणि एप्रिल ते नोव्हेंबरचा काळ

अमेरिकेतील महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतो आणि महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेबरोबर एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास संपतो. उरलेल्या सुमारे सात महिन्यांना तेथे ऑफसीझन म्हणतात. या काळातील चाहत्यांविषयीच्या अनेक समजुती रिकाम्या प्रेक्षागृहाकडे पाहून बनलेल्या आहेत. वास्तविक नोव्हेंबरमध्ये मैदानात उतरणारा संघ याच महिन्यांत जुळतो आणि त्या जुळणीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्यात जाणत्या चाहत्याचे हे महिने जातात.

गैरसमज 1: अंतिम सामना झाला की पाहण्यासारखे काही उरत नाही.

वस्तुस्थिती: 6 एप्रिल 2025 रोजी टॅम्पा येथे कनेटिकट विद्यापीठाने साउथ कॅरोलायनाला 82–59 असे हरवून आपले बारावे अजिंक्यपद मिळवले, आणि त्यानंतर आठच दिवसांनी डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडू निवडण्याचा समारंभ, पार पडून त्याच विजयी संघातील पेज बेकर्स हिची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. विजयाचा आनंद आणि निरोप असे एकाच पंधरवड्यात येतात. निरोपाच्या पाठोपाठ रिकाम्या झालेल्या जागांचा हिशेब सुरू होतो: कोणाचे शिक्षण पूर्ण झाले, कोण दुसऱ्या विद्यापीठात निघाली, शाळेतून कोण येणार आणि चेंडू पुढे नेणाऱ्या पॉइंट गार्डची जबाबदारी आता कोणाकडे जाणार. संघ साधारण पंधरा जणींचा असल्यामुळे एक खेळाडू गेली तरी सारी आखणी बदलते, म्हणून हा हिशेब चाहते मोठ्या आस्थेने मांडतात.

गैरसमज 2: ट्रान्स्फर पोर्टलमुळे निष्ठा संपली असून खेळाडूंचा केवळ बाजार भरतो.

वस्तुस्थिती: ट्रान्स्फर पोर्टल ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची अधिकृत नोंदणी असून ती ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाली, तिच्यात नाव आल्यावर इतर विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना त्या खेळाडूशी संपर्क साधता येतो. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूला सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे, तर प्रशिक्षकाला मात्र नोकरी बदलताच दुसऱ्या संघाची सूत्रे हाती घेता येत. ही विषमता 2021 मध्ये एका बदलापुरती आणि 2024 मध्ये, शैक्षणिक अटी पाळणाऱ्या खेळाडूंसाठी, सर्वच बदलांपुरती दूर झाली. जुलै 2021 पासून स्वतःच्या नाव-प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाल्यामुळे पैशाचा विचारही या निर्णयांत आला, हे खरे आहे. परंतु खेळायला मिळणारा वेळ, घराची ओढ, प्रशिक्षकाचे जाणे आणि शिक्षणाचा विषय ही कारणेही तितकीच खरी आहेत. अँजेल रीस 2022 मध्ये मेरीलँड विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेली, आणि नऊ नव्या खेळाडू असलेल्या त्या संघाने एप्रिल 2023 मध्ये आयोवाला 102–85 असे हरवून आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. हा विजय एप्रिलमध्ये दिसला असला तरी त्याची पायाभरणी आदल्या वर्षीच्या ऑफसीझनमध्ये झाली होती. अशा वेळी चाहत्यांच्या निष्ठेला दोन बाजू येतात, कारण त्यांना आलेल्या मुलीला आपली मानावे लागते आणि गेलेल्या मुलीचे भले चिंतावे लागते. यांतील दुसरी गोष्ट अवघड असते, आणि चाहतावर्गाची प्रगल्भता तिच्यावरूनच ओळखता येते.

गैरसमज 3: कॉलेजचे चाहते आणि व्यावसायिक लीगचे चाहते हे दोन वेगळे वर्ग आहेत.

वस्तुस्थिती: डब्ल्यूएनबीएचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो, म्हणजे कॉलेजचे मैदान रिकामे झाल्यावर जेमतेम महिनाभराने. शिवाय अमेरिकी महिला खेळाडूला ड्राफ्टसाठी सर्वसाधारणपणे त्या वर्षात वयाची 22 वर्षे पूर्ण करावी लागतात किंवा पदवी मिळवावी लागते, तर पुरुष खेळाडूला शाळेनंतर एका वर्षातच व्यावसायिक होता येते. त्यामुळे एखादी मुलगी अठराव्या वर्षी बावरलेली असते आणि बाविसाव्या वर्षी संघाचे नेतृत्व करते, हा सारा प्रवास चाहत्यांनी जवळून पाहिलेला असतो. एवढ्या सहवासानंतर तिचे पुढचे सामने पाहणे ओघानेच येते, आणि 2024 मध्ये आयोवा विद्यापीठाची तारका केटलिन क्लार्क इंडियाना फीव्हर या व्यावसायिक संघात गेल्यावर आयोवाचे अनेक चाहतेही तिच्या पाठोपाठ त्या संघाकडे वळले. या जिव्हाळ्यात काळजीही मिसळलेली असते, कारण 2024 मध्ये लीगच्या 12 संघांत प्रत्येकी कमाल 12 अशा केवळ 144 जागा होत्या, आणि ड्राफ्टमध्ये निवड झालेल्या 36 जणींपैकी कित्येकींना हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघाबाहेर जावे लागले.

गैरसमज 4: उन्हाळ्यात खेळाडू सुट्टीवर असतात.

वस्तुस्थिती: एनसीएएचे नियम उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला कमाल आठ तास, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सराव करू देतात, आणि चार वर्षांतून एकदा संघाला परदेश दौराही करता येतो. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूंसाठी तर हेच महिने खऱ्या कसोटीचे असतात. विषम वर्षांत 19 वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा होते, तर 2025 मध्ये चिलीतील सँटियागो येथे झालेली अमेरिका खंडांची अजिंक्यपद स्पर्धा कॉलेज खेळाडूंच्याच अमेरिकी संघाने जिंकली. जुलैमध्ये शालेय मुलींच्या क्लब संघांच्या स्पर्धा भरतात, प्रशिक्षक तेथे नव्या खेळाडू हेरतात, आणि तीन वर्षांनंतरचा आपला संघ कसा असेल याचा अंदाज चाहते तेथूनच बांधू लागतात.

गैरसमज 5: हे सारे वेड एका तारकेने निर्माण केले आणि तिच्याबरोबरच ते ओसरेल.

वस्तुस्थिती: 2024च्या साउथ कॅरोलायना–आयोवा अंतिम सामन्याला सरासरी सुमारे 1 कोटी 89 लाख प्रेक्षक लाभले आणि त्याने त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला मागे टाकले, यात क्लार्कचा वाटा मोठा होता, हे मान्य करावेच लागते. तथापि या खेळाची मुळे तिच्या फार आधीची आहेत. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्ये मुलींना हा खेळ शिकवला. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा 1972 मध्ये झाला. मेल ग्रीनबर्ग यांनी 1976 मध्ये प्रशिक्षकांची मते गोळा करून महिला संघांची राष्ट्रीय क्रमवारी सुरू केली. आणि एनसीएएने महिलांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1982 मध्ये घेतली. नॉक्सव्हिल येथे 1999 पासून महिला बास्केटबॉलचे स्वतंत्र गौरव-दालन उभे आहे. दूरचित्रवाणीवर हे सामने क्वचितच दिसत त्या काळातही निकाल, आकडे आणि नावे जपून ठेवणारी माणसे होती, आणि आजची गर्दी त्यांच्या या जपणुकीवर उभी आहे. तारका गेली की गर्दी ओसरतेच असेही नाही: साउथ कॅरोलायनाच्या सामन्यांना एजा विल्सन ही तारका 2018 मध्ये आणि अलिया बोस्टन ही 2023 मध्ये बाहेर पडल्यानंतरही देशात आघाडीची उपस्थिती राहिली.

ऑफसीझनचे मोल सर्वांत स्पष्टपणे आयोवात दिसते. तेथील महिला संघाची संपूर्ण हंगामाची तिकिटे ऑगस्ट 2023 मध्ये, म्हणजे पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, इतिहासात प्रथमच संपली. आणि 15 ऑक्टोबर 2023 रोजी फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये डीपॉल विद्यापीठाविरुद्ध झालेला सामना पाहायला 55,646 माणसे जमली, हा महिला बास्केटबॉलमधील उपस्थितीचा उच्चांक ठरला. तो सराव सामना होता, त्याच्या निकालाची नोंद गुणतक्त्यात व्हायची नव्हती, आणि अधिकृत हंगाम सुरू व्हायला अजून तीन आठवडे बाकी होते.