बरणीखालची चुंबळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घर बदलायचे ठरले की आपण आधी काळजी करतो ती फ्रिजची, टीव्हीची आणि कपाटाच्या आरशाची. खरा दगा देतात त्या वेगळ्याच वस्तू. लोणच्याची मोठी बरणी, पाण्याचा रांजण आणि अलीकडे काही बंगल्यांच्या गच्चीवर दिसणारी चिनी मातीची जाडजूड शेगडी. या वस्तू जडही असतात आणि ठिसूळही. नुसती जड वस्तू चार माणसे लावून नेता येते, नुसती नाजूक वस्तू मांडीवर घेऊन नेता येते. दोन्ही गुण एकत्र आले की मात्र थोडा विचार करावा लागतो.

तो विचार न केल्याची शिक्षा मी भोगली आहे. आमचे बिऱ्हाड जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात होते. २००६ च्या दिवाळीनंतर आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात आजेसासूबाईंच्या काळची एक मोठी बरणी होती. निघायच्या दिवशी ती लोणच्याने भरलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी बरणी रिकामी कर." मी म्हटले, "आई, दोन गोधड्यांत गुंडाळली आहे, काही होत नाही." हमालमामांनी ती उचलली आणि क्षणभर टेम्पोच्या फाळक्यावर टेकवली. तेवढेच. नव्या घरी गोधडी सोडली तेव्हा बरणीवर ओरखडासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तेलाचा ओघळ दिसला. बुडापासून वर केसासारखी एक रेघ गेली होती. वर्षाचे लोणचे गेले आणि बरणीही गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हेच मला जास्त लागले.

गोधडी असून असे का झाले? भाजलेल्या मातीचा स्वभाव त्यासाठी समजून घ्यायला हवा. पितळेचा हंडा आपटला तर त्याला पोचा पडतो. धातूतले कण एकमेकांवरून थोडे सरकतात आणि धक्का पचवतात. भाजलेल्या मातीत तशी सोय नाही. ती दाब भरपूर सोसते, पण ताण आला की त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच तडकते. शिवाय प्रत्येक भांड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच. ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो आणि तेथून भेग धावते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवर प्रयोग करून १९२१ मध्ये हे मांडले. बरणीचे बूड फाळक्याच्या लोखंडी कडेवर टेकले, म्हणजे तीसेक किलोंचा भार बोटभर जागेवर आला. बूड खालून वाकू पाहिले आणि आतल्या बाजूने ताणले गेले.

दुसरी गोष्ट धक्क्याची. बरणी १० सेंटिमीटर उंचीवरून खाली आली आणि कडक जमिनीवर एका मिलिमीटरच्या आत थांबली, तर तिला बसणारा दणका तिच्या वजनाच्या सुमारे १०० पट असतो. तीच बरणी खालचा पेंढा २ सेंटिमीटर दाबत थांबली, तर दणका सुमारे ६ पटींवर येतो. थांबायला जागा मिळाली की धक्का मरतो. माझी गोधडी येथेच कमी पडली. जड ओझ्याखाली कापूस आधीच चपटा झाला होता, दबायला काही उरलेच नव्हते.

आपल्या बायकांना हे गणित न शिकताच ठाऊक होते. डोक्यावर हंडा घेताना त्या खाली चुंबळ ठेवत. चुंबळीमुळे भार एका जागी न टोचता गोल कडेवर वाटला जातो, आणि गोल बुडाचे भांडे डुगडुगत नाही. जड भांडे हलवताना आपल्याला एवढेच करायचे आहे. त्याला त्याच्या मापाची चुंबळ द्यायची. बरणीला जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली चुंबळ पुरते. रांजणाला मोटारीचे जुने टायर उत्तम. बूड टायरच्या पोकळीत बसते, पण टेम्पोच्या तळाला टेकत नाही, एवढे पाहावे.

आता क्रमाने सांगते. भांडे दोन-तीन दिवस आधी रिकामे करावे. रांजणाची माती पाणी पिते, म्हणून तो पुरता सुकू द्यावा, ओला रांजण उगाच जड होतो. मग बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर भेग आधीच आहे असे समजावे आणि हमालाला तसे सांगून ठेवावे, म्हणजे नंतर वाद होत नाही. झाकण वेगळे गुंडाळावे. झाकण तसेच ठेवून वर दोरी आवळली तर तेच काठ फोडते. खोक्यात भांड्याभोवती कागदाचे कात्रण किंवा भाताचा पेंढा ठासून भरावा. नाशिककरांनी द्राक्षाच्या पेट्या पाहिलेल्या आहेत. आतला माल हलता कामा नये, हाच त्यातला नियम. खोके हलवून पाहावे. आत काही सरकल्यासारखे वाटले तर आणखी भरावे.

छोट्या हत्तीत किंवा टेम्पोत ही वस्तू ड्रायव्हरच्या केबिनला लागून, उभी ठेवावी. मागच्या चाकांच्या पलीकडे, फाळक्याजवळ ठेवलेले सामान गतिरोधकावर सर्वांत जास्त उडते. बांधायला रुंद पट्टा घ्यावा, बारीक दोरी एकाच जागी काचते. वर दुसरे काही रचू नये. आणि फाळक्यावर टेकवू नये, हे मी सांगायला नकोच.

आता त्या शेगडीबद्दल. जाड मातीची, अंड्याच्या आकाराची, वर घुमटासारखे झाकण असलेली ही शेगडी मूळ जपानी. कामादो म्हणजे तिकडची चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती आपल्या देशात नेली आणि तिकडे ती मांस-भाज्या भाजायची शेगडी झाली. मोठ्या आकाराची शेगडी ७० किलोंच्या आसपास भरते. पण तिचे बरेच वजन सुटे करता येते. राख पूर्ण गार झाल्यावर आतली जाळी, निखाऱ्यांचे भांडे आणि मातीची कडी बाहेर काढून एकेक गुंडाळावी. झाकणाच्या बिजागरीला ताणलेली स्प्रिंग असते. माहितगार माणूस आणि सोबतचे माहितीपुस्तक असल्याशिवाय ती खोलू नये. स्प्रिंग सुटून हात चेमटतो. झाकण उघडायचे नसेल तर पट्ट्याने बंद ठेवावे. उचलताना झाकणाची मूठ किंवा बाजूच्या फळ्या धरू नयेत. दोघांनी खालून, बुडाशी हात घालून उचलावे. चाकांचे स्टॅण्ड असले तरी त्यावरून रस्त्याने ढकलत नेऊ नये. ती चाके गच्चीच्या सपाट फरशीसाठी असतात, एखाद्या खड्ड्यात अडकली की शेगडी उलटते. खाली मात्र तेच टायर, तीच चुंबळ.

भांड्याइतकीच माणसाची पाठही जपायची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. वाड्याचा अंधारा, चढा लाकडी जिना उतरताना एवढे ओझेसुद्धा फार झाले. तेव्हा जिन्याच्या पायऱ्या, गल्लीची रुंदी, लिफ्ट आहे की नाही, हे हमालांना आदल्या दिवशीच सांगावे आणि एका माणसाची मजुरी वाचवू नये. ओझ्याखाली बोट सापडले तर त्याचे नुकसान बरणीपेक्षा मोठे असते.

घाई हा सर्वांत मोठा शत्रू. जुन्या नाशकातल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांना दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या नोटिसा जातात. अशा घरातून निघायचे असेल तर जड मातीची भांडी उन्हाळ्यातच, कोरडी असताना आधी हलवावीत. पाऊस लागल्यावर मात्र आधी माणसे बाहेर काढावीत, रांजणाचे नंतर पाहता येईल.

माझी ती बरणी आजही गॅलरीत आहे. तिच्यात आता काठ्या आणि छत्र्या असतात. कोणी घर बदलतो म्हणून सांगायला आले की मी त्यांना ती बोटाने वाजवून दाखवते. बद्द आवाज ऐकला की लोक घरी जाऊन आधी लोणचे काढून ठेवतात. तुम्हीही ठेवा.