मूस, भट्टी आणि व्हेटरनरीची फी

चेन्नईतल्या जॉर्ज टाउनच्या सौकारपेटेत सांगलीकडची गलाई कुटुंबं सोनं-चांदी गाळतात. त्यांच्या मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं असेल, तर १९०३ साली सुरू झालेलं मद्रास व्हेटरनरी कॉलेज सेंट्रल स्टेशनच्या पलीकडे, वेपेरीतच आहे. घरून डबा नेता आला की वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च वाचला.

कोर्स साडेपाच वर्षांचा. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या वर्षी मिळणाऱ्या मानधनावर हिशेब मात्र बांधू नका. तामिळनाडूच्या कोट्याला बारावीचे गुण धरतात, १५ टक्के अखिल भारतीय जागांना ‘नीट’ लागते. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी कुठल्या दारानं जायचं ते ठरवा, आणि रहिवासाचे कागद वेळेत काढा.

मूस तापवणाऱ्या घरात बचतही बहुधा सोन्यातच असते. फीच्या तारखेला भाव पडलेला असला तर? म्हणून सोन्याखेरीज दुसरी सोयही हवी. ‘सुकन्या समृद्धी’ खातं असेल, तर मुलगी १८ वर्षांची झाल्यावर मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीतली निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत जास्तीत जास्त ८ वर्षं वजावट मिळते. मुद्दलावर नाही.