बाटली नाव सांगत नाही

पहाटे ५.४०. कोल्हापुरातलं प्रशिक्षक मॅडमचं घर. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या पंचवीस बीओडी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात चाललेल्या. एक फुटली की दोन-अडीचशेला कात्री, म्हणून गुंडाळायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. टेम्पोचं भाडं अठराशे. ते आगाऊ मागितलंय.

७.१५. प्रयाग चिखली. इथं कासारी आणि भोगावती भेटतात आणि पुढं नदीला पंचगंगा म्हणतात. जीवशास्त्राचे अठरा शिक्षक चपला काढून काठावर. पँटी गुडघ्यापर्यंत, साड्या खोचलेल्या. बाटली पाण्याखाली धरून भरायची. आत बुडबुडा राहिला की सगळं वाया. पहिल्या खेपेला बाराजणांनी बुडबुडे आणले.

मग मँगनीज सल्फेट एक मिली, अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड एक मिली. बूच लावून उलटसुलट. आत तपकिरी ढग उठतो, हळूहळू तळाला बसतो. म्हणजे ऑक्सिजन आहे.

९.३०. हातकणंगल्याजवळ मिसळ, सत्तर रुपये प्लेट. पैसे ज्याचे त्याने. प्रशिक्षणाला भत्ता नाही. विनाअनुदानित शाळेतला एक सर कटवड्यावर भागवतो.

११.५०. तेरवाड बंधारा. बरगे घातलेले, पाणी तुंबलेलं, वर केंदाळ. वास आधी आला, नदी नंतर. जाळं गुंडाळणाऱ्या मामांना मॅडमनी विचारलं, "काय मामा, गावलं काय?"

"मासं तरंगाय लागल्यावर जाळं कशाला लागतंय?"

दोरीला बाटली बांधून खाली सोडली. तीच दोन रसायनं, तेच हलवणं. ढग पांढुरका. सगळे वाकून बघतात. तपकिरीची वाट बघत एक बाई पुन्हा हलवते. रंग जेमतेमच चढतो.

२.१०. शाळेची खोली. ब्युरेट, थायोसल्फेट, स्टार्चचा निळा. या मापात जितके मिली थायो तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरला. आंघोळीच्या पाण्याला निदान ५ हवेत. तेरवाडचा निळा दोनच्या आत उडाला.

३.००. चिठ्ठ्या. प्रत्येकाला एका माणसाची भूमिका: ऊसवाला, कापड प्रोसेसमधला कामगार, महापालिका, मासेमारी करणारा. नवरा इचलकरंजीत प्रोसेसला असलेल्या बाईंना मासेमारीची चिठ्ठी आली. त्या पाचेक मिनिटं गप्प. मग बोलायला लागल्या आणि थांबेनात. ऊसवाला म्हणाला, शहराचं सांडपाणी. महापालिका म्हणाली, कारखान्यांची मळी. कुणीतरी इचलकरंजीतली २०१२ ची कावीळ काढली. आवाज चढले. मॅडमनी थांबवलं नाही. मलाही वाटतं, वर्गात हे असंच व्हायला हवं. पण माझा पगार शाळेतून येत नाही.

"मॅडम, मग पोरांनी दोष कुणाचा लिहायचा?"

"बाटली नाव सांगत नाही सर. ऑक्सिजन गेला एवढंच सांगती. कुणी नेला, ते नदीच्या कडंकडंनं वर चालत जाऊन शोधायचं."

"माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप सायझिंगला नायतर प्रोसेसला हायत."

"मग त्यांनाच विचारा, पाणी कुठून कुठं जातंय."

सरांनी वहीत काही लिहिलं नाही.

५.२०. बाटल्या धुवायला सगळे मोरीशी. एका सरांनी ब्युरेटखालचं चंचुपात्र ओतायला उचललं.

"मोरीत नको! त्यात अझाइड हाय."

मॅडमनी पाच लिटरचा कॅन पुढं सरकवला. झाकण सैल होतं, त्यांनी ते टेम्पोत बसल्यावर दोनदा आवळलं.