'हो' आणि 'नाही'च्या मध्ये

सिंगापूरमधील तोआ पायोह ही सरकारी गृहनिर्माण मंडळाने उभारलेली उंच इमारतींची वसाहत. तिथे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलचा निकाल लागला, तरी हुशार मुलांच्या पालकांचा घोर संपत नाही. कारण सिंगापूरच्या लोकसेवा आयोगाची शिष्यवृत्ती नुसत्या गुणांवर मिळत नाही; मानसशास्त्रीय चाचण्या आणि मुलाखतीही असतात.

या सगळ्यानंतर निर्णयाची वाट पाहणे नकारापेक्षा जास्त का छळते? 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 45 जणांवर प्रयोग केला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे; साप निघाला की हाताला विजेचा झटका! घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसले, की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. शक्यता 50 टक्के असताना सर्वाधिक. म्हणजे त्रास संकटापेक्षा अनिश्चिततेचा जास्त.

म्हणून अनिश्चितता जमेल तेवढी घटवावी. निर्णय कधी येणार हे विचारून घ्या, शिष्यवृत्ती हुकली तर कुठे प्रवेश घ्यायचा, पैसा कसा उभारायचा, हे आजच कागदावर मांडा. आणि मुलांसमोर तासातासाला ईमेल उघडून पाहणे तेवढे टाळा.