सेलारोंडा : हिमपर्यटनातील परस्परावलंबन

उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेत सेला पर्वतसमूहाभोवती गार्डेना, बादिया, फास्सा व लिव्हिनालोंगो ही चार खोरी आहेत. ती तीन प्रांतांत विभागलेली असली, तरी लादिन भाषेच्या वारशाने परस्परांशी जोडलेली आहेत. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘डोलोमिटी सुपरस्की’ या सामाईक पासमुळे शेजारच्या पर्यटनस्थळांतील स्पर्धेला सहकार्याची जोड मिळाली. या एकाच पासवर पर्यटक चार खिंडी ओलांडून सुमारे ४० किलोमीटरची ‘सेलारोंडा’ परिक्रमा एका दिवसात पूर्ण करतात. त्यांत चढ रज्जुमार्गाने, तर उतार स्कीइंग करीत पार केले जातात.

तथापि, या परिक्रमेचे सामर्थ्य हीच तिची मर्यादाही आहे. एका उतारावर हिम नसले, तरी संपूर्ण परिक्रमा खंडित होते. म्हणून तेथे थंड हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार फवारून कृत्रिम हिम तयार करतात. त्यासाठी पाणी, वीज व पुरेशी थंडी आवश्यक असते. पहिल्या दोन गोष्टी खर्च करून मिळविता येतात. तिसरी मात्र तापमानवाढीमुळे अनिश्चित होत आहे. परिणामी, एका खोऱ्यातील हिमाभावाची झळ चारही खोऱ्यांतील उपजीविकेला बसू शकते. पास सामाईक झाला, तशी जोखीमही सामाईक झाली आहे. तिचे नियोजनही एकत्रितपणेच व्हावे लागेल.