श्रावणात उंच होणारी पेटी

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गोधड्या, स्वेटर आणि ठेवणीतल्या साड्या मावतील अशी सागाची साधी पेटी करून खान्देशातल्या सोनगीरच्या एखाद्या घरात झोपायच्या खोलीत ठेवली, तर मे महिन्यात ती जेवढी उंच असते त्याहून श्रावणात जास्त उंच भरते. नुसत्या नजरेला कळत नाही, पण टेप लावला की सापडतं. लांबी मात्र जवळपास तेवढीच राहते.

झाड तोडून, चिरून, वर्षानुवर्षं वाळवलं तरी लाकूड हवेतलं पाणी घेणं-सोडणं थांबवत नाही. त्याच्या पेशी म्हणजे खोडाच्या दिशेने उभ्या रचलेल्या लांब, बारीक नळ्या. नळ्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे असतात, तेही बहुतेक त्याच दिशेने ओढलेले. पावसाळी हवेतली वाफ या धाग्यांच्या मधे शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. पऱ्हाट्यांच्या मोळीत आणखी काड्या खुपसल्या तर मोळी जाड होते, लांब होत नाही. फळीचंही तसंच.

सागाच्या बाबतीत हा फरक मोजलेला आहे. लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला असं धरा. खान्देशातला कोरडा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा पाहता हा अंदाज फार नाही. तेवढ्याने दीड फूट रुंदीचं झाकण साधारण पाच मिलिमीटर रुंदावतं. सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तेव्हा हे झालं दीड सूत. हा आकडा नेहमीच्या चिरकामातल्या फळीचा. ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी याच्या जेमतेम निम्मी हलते, कारण गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या आडव्या पट्ट्या तिला आवरून धरतात. फळी विकत घेताना तिचं टोक बघावं ते यासाठीच. वर्षवलयांच्या रेषा टोकावर उभ्या दिसल्या तर ती फळी गुणी. कमानीसारख्या वळलेल्या दिसल्या तर वाळताना ती सालीकडच्या अंगाने खोलगट होणार.

आता पेटीच्या चार भिंती पाहा. चारही फळ्यांचे रेशे, म्हणजे लाकडाचे लांब धागे, आडवे, पेटीभोवती फिरणारे ठेवले, की फुगायची वेळ आली तरी चौघी एकदमच उंच होतात आणि एकदमच बसतात. कोपऱ्यावर कुणी कुणाला ओढत नाही. म्हणूनच तिथे डव्हटेलचे दात, पुढे रुंद आणि मुळाशी अरुंद, फेविकॉल लावून निर्धास्त पक्के करता येतात. हा सांधा मला सुतारकामातला सर्वांत देखणा विचार वाटतो. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसत्या आकाराने लाकूड लाकडाला धरून ठेवतं.

भांडण होतं ते तळाचं आणि झाकणाचं. सागाचा तळ चारही बाजूंनी चिकटवला तर पावसाळ्यात तो भिंतींना बाहेर ढकलतो आणि उन्हाळ्यात स्वतः चिरतो. त्यामुळे भिंतीत आतून खाच पाडून तळ त्यात नुसता सरकवायचा, फेविकॉलचा थेंबही न लावता. वाड्यांच्या दिलहेदार दरवाजांत हीच युक्ती आहे. चौकट घट्ट, आतला दिलहा मोकळा. (तळाला प्लायवूड घातलं तर ही चिंताच नाही. त्यात पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि प्रत्येक थर शेजारच्याला हलू देत नाही.)

झाकणाची गोष्ट सोनगीरमध्ये विशेष रंगते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या, किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावाचं नाव तांबटांनी तांब्या-पितळेच्या भांड्यांतून दूरवर पोचवलं. तेव्हा पेटीच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि झाकणावरची पट्टी पितळेची असावी असं इथे वाटणारच. पितळेला पाण्याचं काही नाही, ते उष्णतेने वाढतं. पण किती? दीड फुटाची पट्टी तीस अंशांच्या फरकाने जेमतेम पाव मिलिमीटर वाढते. तिच्याखालचं सागाचं झाकण त्याच वर्षात पाच मिलिमीटर हलतं, म्हणजे वीस पट. रेशांना आडवी पट्टी दोन्ही टोकांना घट्ट ठोकली तर लाकूड फाटतं किंवा खिळे वाकतात. मागच्या टोकाचं भोक गोल ठेवायचं, पुढची भोकं लांबट करायची आणि स्क्रू त्यांच्या मधोमध बसवायचे. झाकण मागे बिजागरीशी बांधलेलं, त्यामुळे सगळी हालचाल पुढच्या कडेला येते. मे महिन्यात पेटी करत असाल तर झाकण पुढच्या फळीच्या आत बसवताना दीड-दोन सूत फट सोडा. ऑगस्टमध्ये करत असाल तर फट जवळजवळ नको.

इतकं हलणारं लाकूड टिकतं तरी किती? लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यातल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने सागाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. सागातलं तेल आणि वाळवीला न मानवणारी त्याच्यातली द्रव्यं हे काम करतात.

पॉलिशने पाण्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. पण एकाच बाजूने केलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावतात आणि फळी वाकते. आतूनही हात फिरवावा, मात्र तिथे लाखेचं पॉलिश बरं, कारण जवसाच्या तेलाचा वास कपड्यांत राहतो. बाहेरून जवसाचं तेल लावलंत तर एक जपा. ते उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर सुटी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.